संकरित मोटारगाडीतील बॅटरीचे वार्धक्य आणि इंधन-कार्यक्षमता

प्रस्तावना

पुण्यात कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या नावावरून 'एआरएआय मायलेज' हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. हा आकडा प्रयोगशाळेतील रोलरवर, ठरावीक वेग-क्रमाने गाडी चालवून काढला जातो आणि तो नव्या गाडीचा असतो. संकरित म्हणजेच हायब्रिड गाडीच्या संदर्भात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. कारण तिच्या मायलेजचा मोठा भाग वयोमानाने क्षीण होणाऱ्या बॅटरीवर अवलंबून असतो. बॅटरीच्या या वार्धक्याचा इंधनखर्चाशी नेमका संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅटरीचे कार्य

बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिड गाडीतील सर्व ऊर्जा अखेर पेट्रोलमधूनच येते. बॅटरी ही ऊर्जा निर्माण करीत नाही, ती वाया जाऊ देत नाही. ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपाने नष्ट होणारी गतिज ऊर्जा ती विजेच्या रूपात साठवते. सिग्नलवर आणि मंद गतीत ती इंजिनाला विश्रांती देते. परिणामी इंजिन बहुतांशी कार्यक्षम भारावरच चालते. २०२२ साली भारतात आलेल्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडचा लिटरमागे २७.९७ किलोमीटर हा प्रमाणित आकडा याच देवाणघेवाणीचे फलित आहे.

वार्धक्याचे दोन प्रकार

बॅटरीचे वय दोन अंगांनी वाढते. पहिले म्हणजे तिची धारणक्षमता घटते, आणि दुसरे म्हणजे तिचा अंतर्गत रोध वाढतो. पहिल्या बदलाचा परिणाम दीर्घकाळ जाणवत नाही. उदाहरणार्थ, टोयोटाच्या प्रियसमध्ये नियंत्रण यंत्रणा बॅटरी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रितीही होऊ देत नाही. साधारणपणे ४० ते ८० टक्के या पट्ट्यातच ती वापरते. उरलेला भाग राखीव राहतो आणि क्षमतेतील प्रारंभीची घट त्यात झाकली जाते.

रोधवाढीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. २०० व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअर प्रवाह जात आहे आणि तिचा रोध ०.४ ओहम आहे, असे समजू. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या सूत्रानुसार १ किलोवॉट शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे भरताना ११ किलोवॉट द्यावे लागतात आणि वापरताना ९ मिळतात. परतावा सुमारे ८२ टक्के. रोध दुप्पट झाल्यास १२ देऊन ८ मिळतात; परतावा ६७ टक्क्यांवर येतो.

तथापि चाकांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी एक पंचमांशच बॅटरीमार्गे येत असेल, तर एकूण ऊर्जेची गरज सुमारे पाच टक्क्यांनीच वाढते. लिटरमागे २० किलोमीटर देणारी गाडी १९ च्या आसपास येईल. वातानुकूलन, टायरमधील हवा आणि रहदारी यांमुळे होणारा फरक याहून सहज अधिक असतो. त्यामुळे चालकाच्या ध्यानात काहीच येत नाही.

प्रत्यक्ष अनुभव

अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या नियतकालिकाने २०११ साली २००२ मधील एका प्रियसची चाचणी घेतली. ती गाडी २ लाख ६ हजार मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली होती. तिचे मायलेज गॅलनला ४०.४ मैल भरले. त्याच प्रकारच्या नव्या गाडीचे पूर्वी ४०.६ आले होते. एका गाडीवरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही. परंतु मायलेज वयाला किती काळ दाद देत नाही, हे त्यातून दिसते.

यातूनच एक गैरसमज संभवतो. मायलेज टिकले म्हणजे बॅटरी निरोगी, असा निष्कर्ष निघत नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये १६८ घट एकसरीत जोडलेले आहेत. त्यांतील एखादा दुर्बल झाला, तर नियंत्रण यंत्रणेला सर्व बॅटरीचा वापर आखडता घ्यावा लागतो. मग इंजिन सिग्नलवरही सुरू राहते आणि इंधनखर्च एकाएकी वाढतो. या गाडीत इंजिन सुरू करण्याचे कामही हीच बॅटरी करते. ती पूर्णपणे निकामी झाल्यास गाडी जागची हलत नाही.

समारोप

उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागील आसनाजवळच्या जाळीतून घेतली जाते. ती धूळमुक्त ठेवणे हा पुण्याच्या उन्हाळ्यात सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र खरा प्रश्न धोरणाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ मधील जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ ने बॅटरीच्या टिकाऊपणाचे किमान निकष ठरविले. परंतु ते विद्युत आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिड गाड्यांपुरते आहेत. साधी हायब्रिड त्यातून सुटते. टोयोटा भारतात हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देते. नववे वर्ष बहुधा दुसऱ्या मालकाचे असते. त्याच्या हाती नव्या गाडीच्या मायलेजचा आकडा असतो, जुन्या बॅटरीच्या प्रकृतीचा नसतो. म्हणून पुनर्विक्रीच्या वेळी घटांचे व्होल्टेज आणि अंतर्गत रोध यांची लेखी नोंद देणे बंधनकारक असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.