शून्य बरोबर, शंभर बरोबर, मग मधलं का चुकतं? पॅनल इंडिकेटरचं कॅलिब्रेशन नीट समजून घ्या



आयटीआय किंवा डिप्लोमा झालाय, इन्स्ट्रुमेंटेशनचं काम थोडंफार येतं, आणि आता एमआयडीसीत स्वतःची सर्व्हिस सुरू करायची आहे? मग आजचा विषय तुमच्यासाठी आहे. तुमचा स्वतःचा कारखाना असेल आणि पॅनलवरच्या लाल आकड्यांवर विश्वास ठेवून तुम्ही खरेदी करत असाल, तर तुम्हीही शेवटपर्यंत वाचा.

पॅनलच्या दारावर बसवलेला तो चौकोनी डबा, म्हणजे प्रोसेस इंडिकेटर, तुम्ही पाहिलाच असेल. सेन्सरकडून ४ ते २० मिलिअँपचा सिग्नल येतो आणि हा डबा त्याचा आकडा करून दाखवतो. बहुतेक जण काय करतात? ४ मिलिअँप दिले, शून्य आलं. २० दिले, पूर्ण आकडा आला. झालं कॅलिब्रेशन, घ्या सही!

आता माझा प्रश्न ऐका. दोन टोकं बरोबर आली म्हणून मधलं सगळं बरोबर असेल, हे कुणी सांगितलं?

आडव्या टाकीचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. जनरेटरसाठी डिझेलची आडवी गोल टाकी आहे. व्यास २ मीटर, लांबी साधारण ३.१८ मीटर, दोन्ही टोकं सपाट, क्षमता १०,००० लिटर. (एवढा साठा ठेवायला परवाना लागतो. तो देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. आपण धरून चालू की परवाना घेतलेला आहे.)

लेव्हल ट्रान्समीटर डिझेलची उंची मोजतो. पण मालकाला उंची नको असते, त्याला लिटर हवे असतात. आणि आडव्या टाकीत उंची आणि लिटर एका चालीने वाढत नाहीत. तळाशी टाकी अरुंद, मध्ये रुंद, वर पुन्हा अरुंद. म्हणून तळाच्या एका इंचात थोडं डिझेल मावतं आणि मधल्या एका इंचात भरपूर. यालाच नॉन-लिनियर म्हणतात. बाकी काही अवघड नाही त्यात.

आता हे आकडे बघा. आधी उंची, मग करंट, मग साध्या दोन टोकांच्या सेटिंगवर इंडिकेटर काय दाखवेल, आणि शेवटी टाकीत खरोखर किती आहे:

१० टक्के, ५.६ मिलिअँप: दाखवेल १,००० लिटर, खरे ५२०
२० टक्के, ७.२ मिलिअँप: दाखवेल २,०००, खरे १,४२४
३० टक्के, ८.८ मिलिअँप: दाखवेल ३,०००, खरे २,५२३
४० टक्के, १०.४ मिलिअँप: दाखवेल ४,०००, खरे ३,७३५
५० टक्के, १२ मिलिअँप: दाखवेल ५,०००, खरे ५,०००
६० टक्के, १३.६ मिलिअँप: दाखवेल ६,०००, खरे ६,२६५
७० टक्के, १५.२ मिलिअँप: दाखवेल ७,०००, खरे ७,४७७
८० टक्के, १६.८ मिलिअँप: दाखवेल ८,०००, खरे ८,५७६
९० टक्के, १८.४ मिलिअँप: दाखवेल ९,०००, खरे ९,४८०

गंमत बघा. शून्य बरोबर, शंभर बरोबर, आणि बरोबर मधला पन्नासही बरोबर! तीन ठिकाणी तपासणारा माणूससुद्धा इथे फसेल.

ही चूक कुणाच्या माथी बसते?

समजा टाकी २० टक्क्यांवर आहे. टँकर आला आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून गेला. खरोखर किती उतरलं? ८,५७६ वजा १,४२४, म्हणजे ७,१५२ लिटर. पण इंडिकेटर म्हणतो, फक्त ६,००० वाढले. मालक काय म्हणेल? "टँकरवाल्याने ११५२ लिटर कमी दिलं!" लिटरला ९० रुपये धरले तरी १,०३,६८० रुपयांचं भांडण.

आता उलटं बघा. टाकी २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. इंडिकेटरवर १,५०० लिटर कमी झाले. पण ५ टक्क्यांवर खरं डिझेल १८७ लिटर असतं, म्हणजे जनरेटरने जाळलं फक्त १,२३७. ऑपरेटरच्या वहीत १,२३७, पॅनलवर १,५००. मग २६३ लिटर गेले कुठे? संशय कुणावर? रात्रपाळीच्या माणसावर.

कळतंय का? एकच इंडिकेटर वरच्या बाजूला टँकरवाल्याला चोर ठरवतो आणि खालच्या बाजूला ऑपरेटरला. चोरी कुणीच केलेली नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, कॅलिब्रेशनच्या कागदावर सही करताना कुणाची तरी नोकरी आपल्या हातात असते, हे विसरू नका.

झीरो-स्पॅन पिळून हे सुटत नाही

तक्रार आली की काही जण स्पॅन थोडा कमी-जास्त करतात. २० टक्क्यांवरचा आकडा जुळवला की ९० टक्क्यांवरचा बिघडतो. सरळ पट्टी वाकड्या फांदीवर कशीही ठेवा, सगळीकडे चिकटणार नाही.

उपाय इंडिकेटरच्या आतच असतो. बऱ्याच प्रोसेस इंडिकेटरमध्ये लिनियरायझेशन टेबल असतं. आपण जोड्या भरायच्या: इतक्या मिलिअँपला इतके लिटर. दोन जोड्यांच्या मध्ये इंडिकेटर स्वतः सरळ रेघ ओढतो. किती जोड्या भरता येतात हे मॉडेलवर ठरतं, म्हणून खरेदीआधी मॅन्युअल वाचा. ही सोयच नसलेला स्वस्त डबा आडव्या टाकीला घेऊ नका.

इथे एक युक्ती लक्षात ठेवा. बिंदू सारख्या अंतरावर टाकू नका. जिथे वळण जास्त, तिथे बिंदू जास्त. आपल्या टाकीत दर १० टक्क्यांना बिंदू टाकला, तर ४५ टक्क्यांवर चूक फक्त ३ लिटरची येते. पण ५ टक्क्यांवर इंडिकेटर २६० दाखवतो आणि खरे असतात १८७. म्हणून दोन्ही टोकांना एकेक बिंदू वाढवा: ४.८ मिलिअँपला १८७ आणि १९.२ मिलिअँपला ९,८१३. असे १३ बिंदू झाले की मोठ्यात मोठा फरक तीसेक लिटरवर येतो. आधी तोच पावणेसहाशेच्या आसपास होता!

प्रत्यक्ष काम कसं करायचं?

१. आधी परवानगी घ्या. इंडिकेटरच्या रिलेवर पंप किंवा हाय लेव्हल अलार्म असेल तर ऑपरेटरला सांगून तो मॅन्युअलवर घ्या. इंडिकेटरच्या मागे २३० व्होल्ट असतात, सप्लाय बंद केल्याशिवाय वायरला हात नाही. डिझेलच्या टाकीजवळ जाऊन डबे उघडायचे नाहीत. हे काम पॅनलपाशी होतं.

२. ट्रान्समीटरची वायर सोडवून तिथे मिलिअँप सिम्युलेटर जोडा. ४, ८, १२, १६, २० द्या आणि आहे त्या स्थितीतले आकडे लिहून घ्या. काहीही बदलण्याआधी! दुरुस्तीपूर्वीचे आकडे नसतील तर तुम्ही काय सुधारलंत हे दाखवणार कसं?

३. इंडिकेटर करंट नीट वाचतोय का ते बघा. तुम्ही १२ दिले आणि तो १२.१ वाचत असेल तर आधी इनपुट दुरुस्त करा. चुकीच्या पायावर टेबल बांधू नका.

४. टेबल भरा. मॅन्युअलमध्ये एक गोष्ट नक्की बघा: पहिला आकडा मिलिअँपमध्ये मागितलाय, टक्क्यांत की स्केल केलेल्या आकड्यात? बहुतेक गोंधळ इथेच होतो.

५. तपासणी करताना भरलेल्या बिंदूंवरच थांबू नका. ते तर जुळणारच, तुम्हीच भरलेत! दोन बिंदूंच्या मधला करंट द्या. ६.४ मिलिअँपला खरे ९४१ लिटर असतात. इंडिकेटर ९७२ दाखवेल. हा फरक चालेल का, हे ग्राहकाशी आधी बोलून ठरवा. चालत नसेल तर तिथे आणखी एक बिंदू टाका.

६. अलार्मचे सेटिंग पुन्हा बघा. आधी १,००० लिटरचा अलार्म १० टक्के उंचीला वाजायचा. आता तोच पंधरा टक्क्यांच्या थोडं पुढे वाजेल. ग्राहकाला न सांगता निघून गेलात तर दुसऱ्या दिवशी फोन आलाच म्हणून समजा.

७. पासवर्ड लावा, टेबलची प्रत पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि एक प्रत फाइलला ठेवा.

शेवटी डिप रॉड टाकून खरी पातळी ताडून बघा. हे राहिलं तर सगळा हिशोब कागदावरच राहतो. टाकीची टोकं फुगीर असतील किंवा टाकी एका बाजूला कललेली असेल, तर वरचं गणित तंतोतंत लागणार नाही. अशा वेळी टाकी बनवणाऱ्याकडून डिप चार्ट मागा, किंवा मोजून डिझेल भरत भरत स्वतः टेबल तयार करा. तळाला दाब मोजणारा सेन्सर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: तो पाण्यावर सेट केलेला आहे का? डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे तो पातळी कमी दाखवेल. ही चूक टेबलमध्ये लपवू नका, ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करा.

प्रत्येक सेन्सरला टेबल लागत नाही

थर्मोकपल आणि पीटी-१०० हेही नॉन-लिनियरच आहेत. पीटी-१०० चा रेझिस्टन्स शून्य अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५१ आणि २०० अंशाला १७५.८६. पहिल्या शंभर अंशांत ३८.५१ वाढले, पुढच्या शंभरात ३७.३५. पण यांचे तक्ते इंडिकेटरमध्ये आधीच भरलेले असतात. तुम्ही फक्त बरोबर प्रकार निवडायचा.

ऑरिफिस प्लेटच्या फ्लो मीटरला वर्गमूळ लागतं. दाबाचा फरक २५ टक्के असेल तेव्हा फ्लो ५० टक्के असतो. पण हे वर्गमूळ एकाच ठिकाणी काढा. ट्रान्समीटरमध्येही चालू आणि इंडिकेटरमध्येही चालू असेल, तर ५० टक्के फ्लोला इंडिकेटर सुमारे ७१ टक्के दाखवेल!

यात धंदा कुठे आहे?

"कॅलिब्रेशन करून देतो" असं म्हणणारे खूप आहेत. तुम्ही ग्राहकाला दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे एका पानावर द्या, मधल्या बिंदूंसकट. मालकाला तांत्रिक भाषा कळणार नाही, पण "२० टक्क्यांवर ५७६ लिटरचा फरक होता, आता नाही" हे लगेच कळतं. दर ठरवताना फक्त मशीनपाशी घालवलेला तास धरू नका. जाणं-येणं, टेबल बनवण्याचा वेळ, रिपोर्ट आणि स्वतःच्या सिम्युलेटरचं कॅलिब्रेशन हेही त्यात धरा. तो सिम्युलेटर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत रिपोर्टला जोडा.

आणि दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगा. तुमची स्वतःची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नसेल तर तसा आव आणू नका. आणि हा आकडा कारखान्यातल्या हिशोबासाठी आहे, माल विकून बिल करण्यासाठी नाही. विक्रीच्या मापाला वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ लागू होतो, तिथे पडताळणी होऊन मुद्रांकित झालेलं साधनच वापरावं लागतं.

या आठवड्याचा गृहपाठ: ओळखीच्या एखाद्या कारखान्यात आडवी टाकी शोधा. मालकाची परवानगी घेऊन टाकीचं माप घ्या आणि कागदावर १३ बिंदूंचं टेबल बनवा. मग टाकी २० टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा पॅनलवरचा आकडा आणि डिप रॉडचा आकडा शेजारी शेजारी लिहून मालकापुढे ठेवा. फरक निघाला तर तो स्वतःच विचारेल, "हे नीट करून द्यायचे किती घ्याल?"