पांढरी चादर आणि बंद खिडकी

परगावी गेल्यावर उतरावे कोठे, हा प्रश्न पूर्वी मुख्यतः खिशाचा होता. भाडे परवडते काय, स्टेशन जवळ आहे काय आणि जेवणाची सोय बरी आहे काय, एवढे पाहिले की प्रवासी आपली वळकटी आत टाकीत असे. कोरोनाच्या साथीने या यादीत एका प्रश्नाची भर घातली: या खोलीत आपल्या आधी कोण राहून गेले? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; पण मनातील धास्ती जाहीरनाम्याने उठत नसते.

ही धास्ती पुणेकरांना तरी पोरकट म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील पहिल्या कोरोना-रुग्णांची नोंद ९ मार्च २०२० रोजी याच शहरात झाली आणि ते रुग्ण परदेशच्या प्रवासाहून परतलेले होते. त्यापूर्वी ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तोही पुण्यातच. रोग माणसाबरोबर प्रवास करतो, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. तेव्हा आमचा आक्षेप प्रश्नाला नाही. त्याचे उत्तर आपण भलत्याच ठिकाणी शोधतो, याला आहे.

प्रवासी पाहतो काय? फिनेलचा वास येतो का, चादर पांढरीशुभ्र आहे का, टेबलावर सॅनिटायझरची बाटली आहे का. या गोष्टी असाव्यातच. परंतु दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने कोरोना होण्याची शक्यता साधारणतः दहा हजारांत एकाहूनही कमी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्येच सांगितले. खरा धोका कोंडलेल्या हवेचा आहे. असे असता, खिडकी उघडत नाही असे चकचकीत भोजनगृह आपणांस निर्धास्त करते आणि वारा खेळता असलेली, पण रंग उडालेली जुनी खानावळ मात्र भिवविते!

डोळ्यांची ही फसवणूक नवी नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर सार्सने आजारी असलेला एक डॉक्टर उतरला. तेथील पाहुण्यांबरोबर तो रोग हॅनोई, सिंगापूर व टोरांटोपर्यंत पोहोचला. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका प्रतिष्ठित हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले असता न्यूमोनियाची साथ उसळली आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. त्या रोगाचा जंतू पाण्यात वाढतो, विशेषतः साचून राहिलेल्या पाण्यात, हे पुढे सिद्ध झाले. ही दोन्ही ठिकाणे काही गलिच्छ धर्मशाळा नव्हती.

धोका दिसत नाही, म्हणून आपली भीती जे दिसते त्याला चिकटते; आणि सर्वांत सहज दिसतो तो परका माणूस. २०२० साली पुण्या-मुंबईहून आपल्याच गावी निघालेल्यांना कित्येक गावांच्या वेशीवर आडव्या टाकलेल्या ओंडक्यांनी अडविले. खोलीतील हवेविषयी कोणी विचारीत नाही, पण पाहुण्याचे गाव मात्र विचारले जाते. अशा वागणुकीचा परिणाम काय होतो, हे पुण्याइतके कोणास ठाऊक असणार? १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कारभारात गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या. साथ आवरण्यासाठी योजलेल्या या उपायाने लोकांनी काय केले? रोगी लपविले.

आजच्या लॉजमध्येही लपवाछपवीला आमंत्रण आहेच. ताप आलेल्या प्रवाशाने आदल्या दिवशी तसे कळविले, तर त्याचे आगाऊ भरलेले पैसे बहुधा बुडतात. मग तो तापाची गोळी घेऊन येणार आणि हसतमुखाने नोंदवहीत सही करणार, यात नवल ते काय? त्याला नीतिपाठ देण्यापेक्षा खरे बोलणे परवडेल अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे होय.

आमच्या मते तीन गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख प्रत्येक लॉजने दर्शनी लावावी. प्रत्येक खोलीत व भोजनगृहात उघडणारी खिडकी किंवा हवा खेळती ठेवण्याची सोय आहे, हे महापालिकेने तपासणीच्या वेळी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष पाहावे. आणि आजारी प्रवाशास मुक्काम पुढे ढकलण्याची अथवा पैसे परत घेण्याची मुभा असावी. ससूनमध्ये भरती झालेल्या रुग्णाचा नातेवाईक चार दिवस जेथे पथारी टाकतो, तेथे या गोष्टी अधिकच अगत्याच्या. कारण त्याला निवड करण्याची चैन नसते, मिळेल ती खोली त्याला घ्यावी लागते.

पाहुण्याला भिऊन हे शहर चालणार नाही. २०२० व २०२१ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.तून पंढरीस गेल्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा भवानी पेठेत आणि नाना पेठेत वारकऱ्यांसाठी दारे पूर्वीसारखीच उघडली. दाराबरोबर आता खिडक्याही उघडाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे.