क्रमबद्ध चुंबकातील अर्धे कण

चुंबकत्वाचे मूळ इलेक्ट्रॉनाच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्याला निसर्गतः लाभलेल्या १/२ मूल्याच्या कोनीय संवेगात असते. घन पदार्थातील शेजारचे स्पिन परस्परांशी जखडलेले असतात आणि पुरेशा कमी तापमानाला ते ठरावीक रचनेत स्थिरावतात. या रचनेला चुंबकीय क्रम म्हणतात. अशा पदार्थाला थोडी ऊर्जा मिळाली, की एक स्पिन उलटल्याचा परिणाम लहरीच्या रूपाने स्फटिकभर पसरतो, हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये लोहचुंबकांच्या संदर्भात मांडले. या लहरीचा पुंज म्हणजे मॅग्नॉन, आणि +१/२ चा −१/२ होताना १ चा फरक पडत असल्यामुळे त्याचा स्पिन १ असतो. जेथे क्रम आहे तेथे मॅग्नॉनच असणार, ही धारणा यातूनच रूढ झाली.

अणूंच्या एकमितीय साखळीत मात्र वेगळे घडते. एकाआड एक उलट दिशांना असलेल्या स्पिनांपैकी एक उलटवला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना विसंगत जोड्या निर्माण होतात आणि त्या विसंगती एकमेकींपासून स्वतंत्रपणे दूर जाऊ शकतात. १ या स्पिनचे अशा रीतीने दोन भाग पडून प्रत्येकाकडे १/२ येतो; या अर्ध्या वाटेकऱ्याला स्पिनॉन आणि या घटनेला अपूर्णांकीकरण म्हणतात. स्फटिकातून जाताना न्यूट्रॉनांनी किती ऊर्जा आणि संवेग गमावला हे मोजले असता मॅग्नॉनची रेखीव रेषा मिळते, तर स्पिनॉन जोडीनेच जन्मत असल्याने आणि ऊर्जा दोघांत अनेक प्रकारे विभागली जात असल्याने त्यांचा रुंद, अखंड पट्टा दिसतो.

क्रमबद्ध द्विमितीय जालकात दोन स्पिनॉन दूर जाऊ लागले, तर त्यांच्यामागे विसंगत जोड्यांची रांग उरते आणि तिची ऊर्जा अंतराबरोबर वाढत गेल्याने ते पुन्हा एकत्र बांधले जातात. हे बंधन सैल करणारी परिस्थिती म्हणजे चुंबकीय कोंडी. त्रिकोणाच्या तीन टोकांवरील प्रत्येक स्पिनला दोन्ही शेजाऱ्यांच्या उलट दिशा हवी असते. तिन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत. अशा कोंडीच्या सैद्धान्तिक अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे: टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी १९६९ मध्ये कोंडीग्रस्त साखळीच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेचे अचूक उत्तर दिले, आणि त्याच प्रतिमानात स्पिनॉन कसे वावरतात हे पुढे श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी १९८१ मध्ये दाखवले.

क्रम आणि अपूर्णांकीकरण एकत्र नांदतात याचे ठळक उदाहरण म्हणजे सिझियम कॉपर क्लोराइड. त्यातील तांब्याचे स्पिन त्रिकोणी जालकावर असून ०.६२ केल्व्हिनखाली ते सर्पिल क्रमात येतात. तरीही राडू कोल्डिया आणि सहकाऱ्यांना २००१ मध्ये न्यूट्रॉनांच्या मोजणीत रुंद पट्टाच प्रबळ आढळला. प्रथम हा द्विमितीय स्पिनद्रवाचा, म्हणजे अतिशीत तापमानालाही स्पिन क्रमात न येणाऱ्या अवस्थेचा, पुरावा मानला गेला. २००७ मध्ये मासानोरी कोहनो, ओलेग स्टारिख आणि लिऑन बॅलेंट्स यांनी निराळा उलगडा केला. या पदार्थात एका दिशेचे बंध प्रबळ असून त्यांच्या साखळ्या बनतात; साखळ्यांना जोडणारे तिरपे बंध या प्रबळ बंधांच्या सुमारे एक-तृतीयांश आहेत, आणि प्रत्येक स्पिन शेजारच्या साखळीतील परस्परविरुद्ध अशा दोन स्पिनांना जोडलेला असल्यामुळे तिरप्या बंधांचे परिणाम बव्हंशी एकमेकांना छेदतात. म्हणून एकटा स्पिनॉन आपल्या साखळीतच वावरतो, पण १ स्पिनची बांधलेली जोडी साखळ्या ओलांडू शकते; तिला ट्रिप्लॉन म्हणतात.

मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी जालक असलेल्या आल्फा-रुथेनियम ट्रायक्लोराइडची कथा अधिक वादग्रस्त आहे. अशाच जालकावरील अलेक्सी किताएव यांच्या २००६ च्या प्रतिमानात स्पिन विभागून मायोराना फर्मिऑन, म्हणजे स्वतःचेच प्रतिकण असलेले कण, निर्माण होतात. हा पदार्थ सुमारे ७ केल्व्हिनखाली क्रमबद्ध होत असूनही त्याच्या न्यूट्रॉन वर्णपटात २०१६ च्या प्रयोगांतून रुंद पट्टा आढळला. त्याचे श्रेय मायोराना कणांना द्यावे, की परस्परांशी प्रबळ आंतरक्रिया करून झटपट विघटित होणाऱ्या मॅग्नॉनांना, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

म्हणून केवळ रुंद पट्टा दिसला एवढ्यावर अपूर्णांकीकरण सिद्ध होत नाही, आणि केवळ क्रम दिसला म्हणून ते नाकारताही येत नाही. पदार्थाची स्थिर रचना आणि त्याची हालचाल या दोन्हींची साक्ष एकत्र तपासूनच निर्णय द्यावा लागतो.