वीज गेली, फिल्टर बंद पडला: घरातल्या फिश टँकमधले मासे कसे वाचवायचे?

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतली वीज एकाच वेळी गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि अनेक भागांत वीज परत यायला काही तास लागले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांनी अनेक दिवस अंधारात काढले.

अशा वेळी फ्रिज, मोबाईल आणि पाण्याची टाकी यांची आठवण सगळ्यांना होते. कोपऱ्यातल्या फिश टँककडे लक्ष जातं, ते मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागल्यावर.

धोका नेमका कशाचा?

वीज गेल्यावर मासे उपाशी मरत नाहीत, ते गुदमरतात. पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत घसरतं. पाणी गरम झालं की माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. म्हणूनच मे महिन्यातल्या दुपारी वीज जाणं हे डिसेंबरच्या रात्रीपेक्षा जास्त धोक्याचं.

हा ऑक्सिजन पाण्यात येतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. एअर पंपाच्या बुडबुड्यांमुळे पाण्याला ऑक्सिजन मिळतो असं वाटतं, पण त्यांचं मोठं काम असतं खालचं पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवण्याचं. पंप बंद पडला की पाणी स्थिर होतं आणि ऑक्सिजन आत येण्याचा वेग मंदावतो.

मासे किती वेळ तग धरतात?

याचं एकच उत्तर नाही. रुंद टँक आणि मोजके मासे असतील तर काही तास सहसा अडचण येत नाही. लहान टँकमध्ये मासे दाटीवाटीने ठेवले असतील, तर तास-दोन तासांतच त्रास सुरू होऊ शकतो.

माशाच्या जातीनेही फरक पडतो. फायटर आणि गुरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतात. गोल्डफिशला ही सोय नाही. शिवाय त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि तो घाणही जास्त करतो. टँकमध्ये खऱ्या वनस्पती असतील तर त्या उजेडात ऑक्सिजन सोडतात, पण अंधारात त्याही तो वापरू लागतात.

वीज गेल्यावर लगेच काय करावं?

* खाणं बंद करावं. खाल्ल्यावर माशांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि उरलेलं खाणं कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस न खाता सहज राहतात.
* टँकचं झाकण उघडावं. मासे उडी मारणारे असतील तर वर जाळी ठेवावी.
* फिल्टर, पंप आणि हीटरचे प्लग काढावेत. पाण्याची पातळी खाली असताना वीज परत आली तर उघडा पडलेला हीटर तापून फुटू शकतो.
* मासे धापा टाकत असतील तर मगमध्ये टँकचंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहावं. पाच-दहा मिनिटांनी थांबावं, मासे पुन्हा वर येऊ लागले की परत सुरू करावं.
* काचेच्या गोल भांड्यात पाणी तोंडापर्यंत भरलेलं असेल, तर ते भांडं सर्वांत रुंद असलेल्या रेषेपर्यंत कमी करावं. हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढतो.

उन्हाळ्यात पाणी फार तापत असेल तर बर्फाची बंद बाटली थोडा वेळ टँकमध्ये तरंगत ठेवता येते. तापमान हळूहळू, एक-दोन अंशांनीच उतरावं. थंडीत टँकच्या बाजूंना चादर गुंडाळावी, वरची बाजू मोकळी सोडावी.

फिल्टरचं काय?

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो.

बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये पाणी अडकून राहिलं की काही तासांत हे जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी नासतं. वीज येताच तो तसाच सुरू केला तर ही सगळी घाण टँकमध्ये उतरते. वाचलेले मासे वीज आल्यानंतर मरतात, त्यामागे हेही एक कारण असतं. त्यामुळे वीज बराच वेळ येणार नसेल तर स्पंज काढून टँकच्याच पाण्यात तरंगत ठेवावा. वीज आल्यावर डब्यातलं जुनं पाणी फेकून मगच फिल्टर लावावा.

वीज आल्यावर?

पाव टँक पाणी बदलावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं, त्यामुळे दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन टाकल्याशिवाय ते पाणी वापरू नये. खाणं दुसऱ्या दिवशी, तेही नेहमीपेक्षा कमी द्यावं.

तयारी किती खर्चिक?

घरात इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर जोडावा. छोटा पंप जेमतेम तीन ते पाच वॉट वीज घेतो, म्हणजे एका एलईडी बल्बपेक्षाही कमी. इन्व्हर्टर नसेल तर मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी एअर पंप घेता येतो. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर दीड वॉटचा पंप अख्खी रात्र चालू शकतो.

पंप टँकच्या खाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नक्की बसवावा. नाहीतर पंप बंद पडताच टँकमधलं पाणी नळीतून उलटं वाहून पंपात आणि जमिनीवर येऊ शकतं. आणि सर्वांत स्वस्त तयारी म्हणजे टँकमध्ये मासेच कमी ठेवणं.