तयारीविना मॅरेथॉन : पदक घरी आलं, पोरगा दवाखान्यात

डिसेंबरातला रविवार होता. माझी सकाळची ड्युटी. साडेदहाच्या सुमाराला मोबाइलवर भाच्याचा फोटो आला. गळ्यात पदक, केस घामाने कपाळाला चिकटलेले, तोंडभर हसू. खाली एकच ओळ होती, "मावशी, 42 पूर्ण!" वॉर्डातल्या सगळ्या जणींना मी तो फोटो दाखवला. आपल्या कर्वेनगरच्या वस्तीतला पोरगा, रात्री अकरापर्यंत गाडीवर पार्सलं पोचवणारा, त्याने मॅरेथॉन पूर्ण केली याचा मला अभिमानच वाटला. खोटं कशाला सांगू?

रात्री आठ वाजता ताईचा फोन आला. "अगं, पोराला उठवेना झालंय. मांड्या दगडासारख्या झाल्यात. आणि लघवी काळी होतीये."

मी बावीस वर्षं नर्सचं काम करते. मांड्या दुखतात म्हटलं असतं तर गरम पाण्याने शेक म्हणाले असते आणि झोपले असते. पण लघवी काळी म्हटल्यावर चपला घालूनच बोलत राहिले. जाऊन पाहिलं तर बिनदुधाच्या चहासारखा रंग. तो मलाच समजावत होता, "काही नाही गं मावशी, उन्हाने झालं असेल. सकाळी जाऊ." आम्ही सकाळची वाट पाहिली नाही. रिक्षा केली आणि दवाखाना गाठला.

तिथे काय झालं ते सांगण्याआधी, तो तिथवर कसा पोचला ते सांगते. कारण वस्तीत दर वर्षी थंडी पडली की दोन-चार पोरं हेच करतात.

पुण्यात 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरते. आता तर थंडीच्या दिवसांत जवळजवळ दर रविवारी कुठे ना कुठे कसली तरी दौड असते. भाच्याच्या कामावरच्या मित्रांनी पैज लावली, फी भरली. पाच किलोमीटर, दहा, एकवीस असे पर्याय होते. त्याने बेचाळीस घेतले, कारण पदक तेच मोठं. तयारी किती? सहा आठवडे. त्यातही कॅनॉलच्या रस्त्याने आठवड्यातून दोनदा, चार-पाच किलोमीटर. सगळ्यात लांब पळाला ते बारा किलोमीटर, तेही एकदाच. आदल्या रात्री काम संपवून बाराला घरी आला, वडापाव खाल्ला, तीनला उठला.

बेचाळीस किलोमीटर म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. 1 जानेवारीला आपण कोरेगाव भीमाला जातो. कर्वेनगरातून पायी निघून, डेक्कन, स्टेशन, वाघोली करत विजयस्तंभापर्यंत पोचलं तरी बेचाळीस भरत नाहीत. तेवढं अंतर न थांबता पळायचं.

शरीराचा हिशोब साधा आहे. आपण खातो त्यातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली असते. तो साठा पळणाऱ्याला साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरतो. पुढे शरीराला मुख्यतः चरबीवर चालावं लागतं आणि ते काम सावकाश होतं. सराव केलेल्या माणसाचं शरीर चरबी जाळायला आधीपासून शिकलेलं असतं. न शिकलेल्याचे पाय एकदम शिशाचे होतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पाच-सहा आठवडे पळालं की दम वाढतो, छाती भरून येत नाही आणि आपण तयार झालो असं वाटतं. पण हाडं, स्नायुबंध, टाचेच्या वरची जाड शीर यांना मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात. दम साथ देतो आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, असं म्हणूनच होतं.

भाचा अठ्ठाविसाव्या किलोमीटरला गोळे येऊन बसला. कुणीतरी त्याला दुखण्याच्या दोन गोळ्या दिल्या. त्याने त्या घेतल्या आणि उरलेलं अंतर कधी चालत, कधी लंगडत पूर्ण केलं. सहा तासांच्या वर लागले. पुढच्या दुखण्यात या गोळ्यांचाही हात होता.

दवाखान्यात रक्त तपासलं. स्नायू फार ताणले की त्यांच्या पेशी फुटतात आणि त्यातलं लालसर द्रव्य रक्तात उतरतं. ते गाळता गाळता मूत्रपिंडं तुंबतात. लघवीचा काळा रंग त्याचाच होता. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना दुखण्याची गोळी घेतली, तर मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आणखी घटतं, म्हणजे आधीच अडचणीत असलेल्याच्या पाठीत आणखी एक धपाटा. पळताना किंवा पळाल्यावर लगेच ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते. वेळेत सलाइन लागलं म्हणून डायलिसिस टळलं. पाच दिवस तो आत होता.

दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, "घरात कुणाला सिकलसेल आहे का?" ताई म्हणाली, नाही. मग मला आठवलं. भाऊजी भंडाऱ्याकडचे. त्यांची आई थंडीच्या दिवसांत सांधे धरून रडायची, सगळे वात म्हणायचे. भाऊजींची एक बहीण लहानपणीच गेली होती. तपासणी केली, तर भाचा सिकलसेलचा वाहक निघाला. चोवीस वर्षांचा झाला तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

यावर जरा थांबून बोलते, कारण हे आपल्या घरांतलं दुखणं आहे. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात. आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, बहुतेक वेळा ठणठणीत, आणि त्याला आयुष्यभर कळतही नाही. विदर्भात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात तो बराच आढळतो. पोट भरायला पुण्याला आलेल्या कितीतरी कुटुंबांची मुळं तिकडची आहेत. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा असं सांगतात, आणि लग्न मोडेल या भीतीने लोक नेमकी तीच टाळतात.

वाहकाने पळूच नये का? तसं अजिबात नाही. अमेरिकेत सैन्यभरतीच्या प्रशिक्षणात वाहक जवानांचे मृत्यू जास्त होतात, असं 1987 साली दिसून आलं होतं. पुढे 2016 साली जवळपास 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचा मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. मधल्या काळात तिथल्या सैन्यात उन्हातल्या कामाचे, पाण्याचे आणि विश्रांतीचे नियम सगळ्यांनाच लागू झाले होते. स्नायू फुटण्याचा धोका मात्र वाहकांत सुमारे दीडपट निघाला. म्हणजे वाहक पळू शकतो. त्याने उन्हात, तहानलेल्या अंगाने, सरावाशिवाय जिवावर उदार होऊन पळू नये. खरं तर कुणीच तसं पळू नये, पण वाहकाला त्याची किंमत लवकर मोजावी लागते. रक्ताची ही पहिली तपासणी साधी आणि स्वस्त आहे. सरकारी दवाखान्यात नाव घेऊन विचारा.

भाच्याला भेटायला आलेल्या मित्रांपैकी एकाने मला गाठलं. "पण मावशी, लताबाई करे तर नऊवारीत, अनवाणी पळाल्या, आणि जिंकल्या." खरं आहे. 2013 साली बारामतीत साठी ओलांडलेल्या लताबाई नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून बक्षिसासाठी पळाल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पण ती शर्यत तीन किलोमीटरची होती. आणि शेतात राबण्यात, मैलोन्‌मैल चालण्यात गेलेलं आयुष्य हा काय सराव नव्हे? दिवसभर गाडीवर बसून पार्सलं पोचवणाऱ्याचे पाय तसे नसतात. ही बाई पळाली त्याला मी जिद्द म्हणते. नवऱ्याला तपासणीसाठी नेायला बाईला पळावं लागलं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आपल्यापासून चार-पाच किलोमीटरवर डेक्कन जिमखाना आहे. तिथे 1919 साली झालेल्या शर्यतींत खेड्यातली, शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली आणि ते पाहून दोराबजी टाटांच्या मनात आलं की यांना ऑलिंपिकला पाठवावं. 1920 साली बेल्जियममधल्या अँटवर्पला हिंदुस्थानातून गेलेल्या त्या छोट्या चमूतले दोघे जण मॅरेथॉनला उभे राहिले, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरचा होता. चौगुले 2 तास 50 मिनिटांत पोचले, एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कष्टाचं अंग असलेले, निवडून पाठवलेले दोन धावपटू, त्यातल्या एकाला तिथे थांबावं लागलं. मला दातारांबद्दलही आदर वाटतो. थांबणं ही लाज नाही.

हेच मला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनाही सांगायचंय. तिथे मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर असतं, अंतर थोडं पण वेग जिवाचा. जाहिरात निघाली की मैदानावर गर्दी होते, त्याआधी शुकशुकाट. झारखंडमध्ये 2024 साली उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत 10 किलोमीटर पळताना दहाच्या वर उमेदवारांचा जीव गेला. नोकरीच्या आशेने आलेली पोरं होती ती. रांगेत, उकाड्यात तासन्‌तास उभं राहायचं आणि मग एकदम पळायचं. एका दिवसात मैदान मारता येत नाही, सहा महिने आधी सुरू करा.

सुरुवात कशी करायची? आधी महिनाभर भराभर चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीन दिवस. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. आठवड्याला अंतर थोडंथोडंच वाढवा आणि तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळा. आधी पाच किलोमीटर, मग दहा, सहा-आठ महिन्यांनी एकवीस. बेचाळीसचा विचार वर्षभराने. बूट महाग नकोत, पण अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि ते शर्यतीच्या दिवशी नवे कोरे नकोत. पळण्याआधी दोन तास केळं, भाकरी-गूळ असं ओळखीचं खा. रात्रपाळी करून आला असाल तर त्या दिवशी पळू नका, झोपा. बायाबापड्यांनी आधी रक्तातलं हिमोग्लोबिन पाहून घ्यावं. दम लागतो तो वयाने नाही, कित्येकदा रक्त कमी असल्याने लागतो. चाळिशीपुढच्यांनी, बीपी-शुगरवाल्यांनी आणि घरात कुणी अचानक गेलं असेल त्यांनी डॉक्टरला दाखवल्याशिवाय लांब पळू नये.

पाण्याचंही दोन्हीकडून ओढलेलं असतं. न पिणारे उन्हाने पडतात. आणि दर टेबलावर दोन-दोन ग्लास नुसतं पाणी ढोसणाऱ्यांच्या रक्तातलं मीठ पातळ होऊन त्यांना भोवळ, उलट्या, झटके येऊ शकतात. तहानेप्रमाणे प्या. लांब पळायचं तर घरचं साखर-मिठाचं पाणी बरं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे.

छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं असंबद्ध झालं तर तिथेच थांबायचं. बरोबरच्याने सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, मानेला आणि काखेत बर्फ ठेवायचा, 108 ला फोन करायचा. बरळणाऱ्याला तोंडाने पाणी पाजू नका, छातीत जाईल. आणि घरी आल्यावर लघवी चहासारखी झाली किंवा होतच नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

भाऊजींनी आणि धाकट्या भाचीनेही तपासणी करून घेतली. भाऊजी वाहक आहेत, भाची नाही. तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय, तेव्हा ताईला हायसं वाटलं. मी तिला म्हटलं, वाहक निघाली असती तरी काही बिघडलं नसतं, मुलाकडच्यांचीही तपासणी मागायची एवढंच.

भाचा तीन महिने पळाला नाही. आता रविवारी सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर दिसतो, बरोबर वस्तीतली पाच-सहा पोरं असतात. घड्याळ लावून एक मिनिट पळतात, दोन मिनिटं चालतात. लोक हसतात म्हणे. या डिसेंबरात त्याने दहा किलोमीटरला नाव घातलंय. फी या वेळी त्याची त्यानेच भरली, आणि आदल्या रात्रीची सुट्टी आधीच मागून ठेवलीय.