जाळी तीच, लहरी वेगळ्या

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात बारीक छिद्रांची धातूची जाळी असते. आत फिरणारं ताट तिच्यातून दिसतं, पण अन्न तापवणाऱ्या लहरी बाहेर पडत नाहीत. दिसणारा प्रकाश आणि या लहरी, दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच. फरक तरंगलांबीचा, म्हणजे लगतच्या दोन शिखरांमधल्या अंतराचा. ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता साधारण २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणून तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. छिद्रं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. त्यामुळे या लहरींच्या दृष्टीने जाळी म्हणजे सलग पत्राच. त्या आतच परावर्तित होतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटर, छिद्रापेक्षा हजारपटीहून लहान. तो सहज पार होतो. मोठ्या फटीतून मात्र ओव्हनमधल्या लहरीही बाहेर पडू शकतात. म्हणूनच जाळी फाटली असेल किंवा दार नीट बसत नसेल, तर दुरुस्तीशिवाय ओव्हन वापरू नका.