शिकण्यासाठी जुनी गाडी: स्वस्त कोणती आणि महाग कोणती

आजचा विषय थोडा तेलकट आहे, पण अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत तो कधी ना कधी निघतोच.

मुलगा किंवा मुलगी पंधरा-सोळाची झाली की घरात प्रस्ताव येतो: एखादी जुनी, स्वस्त गाडी घेऊ, दोघं मिळून तिच्यावर दुरुस्ती शिकू, आणि लायसन्स आलं की तीच चालवायला ठेवू. प्रस्ताव छान आहे. पण नीट ऐकलंत तर त्यात तीन गाड्या लपलेल्या आहेत. एक शिकण्याची, एक स्वस्त आणि एक मुलांच्या हातात देण्याजोगी. या तिन्ही एकाच गाडीत मिळतील असं गृहीत धरून आपण बाजारात जातो, आणि तिथेच हिशेब चुकतो. म्हणून ही निवड कशी करायची ते आज पायरीपायरीने पाहू.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगतो. जुनी गाडी घेताना आपण गाडीची किंमत बघतो. शिकण्यासाठी घेताना तिच्यातल्या बिघाडांची किंमत बघायची. ज्या गाडीतले बिघाड घरच्या हत्यारांनी, एका शनिवार-रविवारात, जीव धोक्यात न घालता दुरुस्त होतात, ती शिकण्याची गाडी. बाकी सगळ्या फक्त जुन्या गाड्या.

बिघाडांचे तीन गट करा. पहिला गट शिकवणारा: ब्रेक पॅड आणि रोटर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, बॅटरी, अल्टरनेटर, थर्मोस्टॅट, ऑक्सिजन सेन्सर, इंजिनच्या वरच्या झाकणाच्या गास्केटमधून झिरपणारं ऑइल. सुटे भाग सहज मिळतात आणि पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर पुन्हा खोलता येतं. दुसरा गट मेकॅनिककडे द्यायचा: पेट्रोलच्या लाइन, सस्पेन्शनच्या दाबलेल्या स्प्रिंगा, एअरबॅगचं वायरिंग. ही कामं चुकली तर नुसता भाग वाया जात नाही, माणूस जखमी होतो. तिसरा गट म्हणजे गाडी तिथेच सोडून घरी यायचं: घसरणारा गिअरबॉक्स, हेड गास्केट, चासीला लागलेला गंज, पुरात भिजलेली गाडी. दोन हजारांची गाडी चार हजारांची होते ती या तिसऱ्या गटामुळे.

आता पैशाची विभागणी. समजा तुमचं बजेट ४,००० डॉलर आहे. सगळे गाडीवर घालवू नका. २,५०० च्या आसपास गाडी, ५०० हत्यारं, ६०० सुटे भाग आणि ४०० टॅक्स-रजिस्ट्रेशनसाठी, असा कच्चा आराखडा धरा. तुमच्या राज्याप्रमाणे आकडे वरखाली होतील, पण चारही खाती हवीतच. इन्शुरन्स यात धरलेला नाही. घरात नवशिका ड्रायव्हर असेल तर प्रीमियम किती वाढतो हे गाडी ठरवण्याआधी एजंटला विचारा. कधी कधी हाच आकडा गाडीपेक्षा जास्त बोलतो.

आणि एक अट: ही गाडी घरातली एकमेव नको. सोमवारी सकाळी ऑफिसला जायला जी लागते ती रविवारी संध्याकाळी उघडून ठेवता येत नाही. घाईत बोल्ट तुटतात आणि बापलेकांची भांडणंही होतात.

मॉडेल कोणतं? आपल्याकडे कॅमरी, कोरोला, अकॉर्ड, सिव्हिक यांच्यापलीकडे नजर जात नाही, आणि या कामासाठी ती सवय वाईट नाही. रस्त्यावर या गाड्या इतक्या आहेत की सुटे भाग प्रत्येक दुकानात आणि जंकयार्डात मिळतात, आणि जवळजवळ प्रत्येक कामाचा व्हिडिओ कुणीतरी करून ठेवलेला असतो. शिवाय नट-बोल्ट मेट्रिक. गावाकडच्या फिटरच्या हातात पाहिलेले दहाचे, बाराचे, चौदाचे पाने इथेही तेच चालतात.

पण नुसतं नाव बघू नका, वर्ष आणि इंजिन बघा. २००३ ते २००७ च्या चार सिलिंडरच्या अकॉर्डमध्ये टायमिंग चेन आहे, तर त्याच अकॉर्डच्या सहा सिलिंडरमध्ये टायमिंग बेल्ट. २००१ ते २००५ च्या बहुतेक सिव्हिकमध्येही बेल्टच. बेल्ट ठरावीक मैलांनंतर बदलावा लागतो. बदलल्याची पावती विक्रेत्याकडे नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि तो खर्च किमतीतून वजा करून मागा. २००६ ते २००८ च्या सिव्हिकच्या काही इंजिनांच्या ब्लॉकला तडा जाऊन कूलंट गळतं. ते शिकण्याचं काम नाही, इंजिन बदलण्याचं आहे. प्रियससारख्या हायब्रिडपासून सध्या लांब राहा. तिच्या बॅटरीत २०० व्होल्टच्या आसपास वीज असते. केशरी रंगाच्या केबल दिसल्या की नवशिक्याने हात मागे घ्यायचा. सीव्हीटी गिअरबॉक्सच्या जुन्या गाड्याही टाळा. तो बिघडला तर घरी दुरुस्त होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. याच किमतीच्या गाड्यांमध्ये टकाटा एअरबॅगचा धोका शिल्लक आहे. अपघातात हा एअरबॅग उघडताना त्याच्या धातूच्या डबीचे तुकडे उडू शकतात आणि त्यात माणसं दगावली आहेत. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अक्युरा गाड्यांत हा धोका फार मोठा आहे. त्यांत २००१-०२ च्या सिव्हिक आणि अकॉर्डही येतात. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, २०१६ मध्ये सांगितलं होतं की चाचणीत या एअरबॅगच्या डब्या फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेलं. २००३-०४ च्या काही कोरोलांसाठीही टोयोटाने २०२४ मध्ये 'चालवू नका' अशी सूचना दिली. यावरचा उपाय मात्र सोपा आणि फुकट आहे. एनएचटीएसएच्या साइटवर गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर घाला, बाकी असलेले रिकॉल दिसतात. टकाटाचा एअरबॅग डीलर मोफत बदलून देतो. हे काम झाल्याशिवाय ती गाडी घरच्या कुणालाही चालवायला देऊ नका.

दुसरी गोष्ट ईएससीची, म्हणजे घसरणाऱ्या गाडीला चाकागणिक ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेची. अमेरिकेत २०१२ मॉडेलपासून ती सक्तीची झाली. त्याआधी काही गाड्यांत होती, काहींत नव्हती. अकॉर्डमध्ये २००८ पासून आणि कोरोलात २०१० पासून ती सगळ्या प्रकारांत येते. नवशिक्या मुलांसाठी हा मोठा फरक आहे. म्हणजे प्रस्तावातल्या तीन गाड्या इथे वेगळ्या होतात. बजेट अडीच हजाराचं असेल तर मिळणारी गाडी बहुधा ईएससीशिवायची असेल. तिच्यावर शिका, पालक शेजारी बसून गल्लीत फिरवा, पण पावसात-बर्फात हायवेवर मुलाला एकट्याने देऊ नका. तीच गाडी मुलाला द्यायची असेल तर थोडं थांबा, दीड-दोन हजार जास्त जमवा आणि ईएससी असलेली घ्या.

आता प्रत्यक्ष बघायला जाताना. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड असताना बघायचं आहे. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, आणि त्याला कारण असतं. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत ताकासारखा पांढरट फेस दाट असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवला असेल. मग इंजिन चालू करून सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला येणारी वाफ चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय.

वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर सोबत न्या. १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याची जागा असते. नुसते कोड वाचू नका, 'रेडिनेस मॉनिटर' हे पान उघडा. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. कोड एकही नाही पण बऱ्याच चाचण्या 'नॉट रेडी' असतील, तर कोड नुकतेच पुसले असावेत. विक्रेता म्हणेल, बॅटरी बदलली. बदलली असेलही. मग आठवड्याने पुन्हा येतो म्हणा.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि चिखलाची रेघ दिसते का बघा. कार्पेटखाली हात घाला. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा ठिकाणी रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथे गाडीखाली वाकून चासी आणि ब्रेक लाइन बघणं सक्तीचं समजा. वरून थोडा गंज चालतो. स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला तर नमस्कार करून निघा.

कागदांत टायटल विक्रेत्याच्याच नावावर हवं, आणि ओळखपत्राशी जुळायला हवं. त्यावर 'सॅल्व्हेज' किंवा 'रिबिल्ट' लिहिलंय का, कर्जाचा बोजा आहे का, हे बघा. टायटलवरचा व्हिन काचेखालच्या आणि दाराच्या चौकटीवरच्या व्हिनशी ताडून पाहा. नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्यूरोच्या साइटवर चोरीची आणि सॅल्व्हेजची नोंद फुकट तपासता येते. कॅलिफोर्नियात स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. 'ते तुम्हीच करून घ्या' म्हणाला तर का, ते आता तुम्हाला कळेल.

सगळं पटलं तरी पैसे देण्याआधी शे-दीडशे डॉलर खर्चून एका मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, आणि मुलाला सोबत न्या. गाडी लिफ्टवर असताना मेकॅनिकला एकच विनंती करा: प्रत्येक दोष बोट ठेवून दाखवा. घरी येऊन ते दोष आपल्या तीन गटांत मुलालाच लिहायला सांगा. तिसऱ्या गटात एकही ओळ आली तर गाडी नको. पहिल्या गटात चार-पाच ओळी असतील तर उत्तम. तोच तुमचा पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणि तोच किमतीच्या घासाघिशीचा मुद्दाही.

गाडी आणण्याआधी जागेचं बघा. बऱ्याच अपार्टमेंटच्या लीजमध्ये आणि एचओएच्या नियमांत पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी असते. आधी वाचा, नाहीतर पहिलं ऑइल सांडायच्या आत नोटीस येईल. घरी जागा नसेल तर कम्युनिटी कॉलेजच्या ऑटोमोटिव्ह वर्गांची चौकशी करा. तिथे लिफ्ट असते आणि शिकवणारा माणूसही.

हत्यारांत सगळ्यात आधी जॅक स्टँडची जोडी घ्या. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली एक मिनिटही जायचं नाही. सपाट काँक्रीटवरच काम करा, कारण उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि स्टँड रुततो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा. त्यानंतर सॉकेट सेट, टॉर्क रेंच आणि चष्मा. एकदाच लागणारी हत्यारं विकत घेऊ नका. ऑटोझोनसारखी दुकानं डिपॉझिटवर देतात आणि परत केल्यावर पैसे परत करतात. जुनं ऑइलही बहुतेक ठिकाणी तिथेच स्वीकारतात. ते गटारात कधीही ओतायचं नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी ऑइल आणि एअर फिल्टर, मग स्पार्क प्लग, मग ब्रेक. पहिल्यांदा ब्रेक केल्यावर रस्त्यावर नेण्याआधी जाणकाराच्या नजरेखालून घाला. त्यात कमीपणा काही नाही. आपण ऑफिसातही एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

आणखी एक. हात बसला की गाड्या नीट करून विकायचा मोह होतो. वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त गाड्या विकायला राज्याचं डीलर लायसन्स लागतं, आणि वर्क व्हिसावर असणाऱ्यांनी तर हा छंदच ठेवावा, धंदा करू नये.

पैशांत बघितलं तर पहिल्या वर्षी या उद्योगात फार वाचणार नाही. पण वर्षाअखेरीस तुमच्या मुलीला ब्रेकची किरकिर आणि बेअरिंगची घरघर यातला फरक कळेल. कॉलेजच्या गावी एकटी असताना कुणी तिच्यापुढे हजार डॉलरचं एस्टिमेट ठेवलं, तर कोणता भाग, का, आणि जुना भाग दाखवा, हे ती विचारू शकेल. गाडी पुढे विकली गेली तरी हे तिच्याजवळ राहणार आहे.

आज इथेच थांबतो. गाडी बघायला जाल तेव्हा खिशात टॉर्च ठेवा आणि घाई घरी ठेवा. नमस्कार.